सारखे ढीग

आयुष्यातली पहिली खुर्ची मला नगर जिल्ह्यात मिळाली, आणि मिळाली त्या दिवसापासून ती काढून घेतली जाईल ही धास्ती मनात बसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली कौलाचा तुकडा सरकवलेला. समोरच्या टेबलावर लोखंडी गणकयंत्र होतं, शिवणयंत्रासारखं जड. दांड्या सरकवून आकडा लावायचा आणि बाजूची मूठ फिरवायची. पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. दिवसभर त्याची खडखड चाले. ती खडखड करणं हीच माझी नोकरी.

मी कोकणातला. आठवीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली. पुढे बरीच वर्षं भाताच्या गिरणीवर काट्याशी उभा राहिलो. गिरणी बंद पडली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचा मामा तिसगावच्या अलीकडे एका सरकारी शेती संशोधन केंद्रावर ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं बोलावलं म्हणून गेलो. एसटीतून उतरलो आणि चारी बाजूंना पाहिलं, तर झाड म्हणून जे काही होतं ते बाभूळ. भर आषाढात धूळ उडत होती. आमच्याकडे त्या दिवसांत माणूस दाराबाहेर पाय टाकताना विचार करतो. इथे लोक मान वर करून ढगांकडे बघत होते आणि ढग पुढे निघून जात होते.

त्या केंद्राला सगळे फारम म्हणत. तिथले प्रयोगांचे साहेब तिशीतले, वऱ्हाडातले, काटकुळे, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेला. त्यांनी माझी परीक्षा घेतली ती अशी: आकड्यांचा एक लांब कागद दिला, यंत्र कसं चालतं ते दाखवलं आणि म्हणाले, "बेरीज कर. मग पुन्हा एकदा कर." दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. मी न विचारताच तिसऱ्यांदा करायला घेतली.

"तिसऱ्यांदा कर असं मी म्हणालो होतो का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. चुकलं माझं."

"चुकलं नाही. उद्यापासून ये."

मला कुणी काही चांगलं दिलं की आधी भीती वाटते. आठवी नापाससुद्धा नव्हे, आठवी अर्धवट असा मी, आणि माझ्याच फिरवण्यातून प्रयोगाचा निकाल निघणार. साहेब पुढच्या पदवीचा अभ्यासही करत होते आणि त्या वर्षीचा बाजरीचा प्रयोग त्यांच्या प्रबंधाचा होता. हे कळल्यापासून मी मूठ फिरवताना श्वास रोखून धरायचो.

प्रयोगातला प्रश्न साधा होता. या मुरमाड, पावसाच्या भरवशावरच्या जमिनीत बाजरीला खत घालून खरंच काही मिळतं का? काही वाफे बिनखताचे ठेवायचे, काहींना शेणखत, काहींना थोडा युरिया, काहींना जास्त. असे मिळून सोळा वाफे. जमीन उताराची, वरच्या अंगाला मुरूम, खाली जावं तशी काळी माती. म्हणून उतारावर आडवे चार पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात चारही प्रकार एकेकदा आले. पट्ट्यातला कुठला वाफा कुणाला, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. चहाच्या डब्यातून चिठ्ठ्या मी उचलल्या. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाया ते बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"साह्यबाला कुठं काय टाकावं ते सुदरंना," त्यांतली एक म्हणाली. "एवढं शिकून चिठ्ठ्या टाकतोय बया."

साहेबही हसले. मग मला म्हणाले, "मी ठरवलं तर काय होईल? मला युरियाचा गुण दाखवायचाय. माझ्याही नकळत मी युरियाला चांगली जागा देईन. चिठ्ठीला असला लोभ नसतो."

"मग एकेकच वाफा का नाही घेत?" मी भीत भीत विचारलं.

"एक वाफा खोटं बोलू शकतो. त्यात उंदीर लागतील, पाणी साचेल. पण सोळा वाफे आपसात ठरवून खोटं बोलत नाहीत."

हे वाक्य पुढे आम्हा दोघांनाही फार आठवलं.

संध्याकाळी काम आटपलं की ते मला हिशेबामागचं गणित समजावून सांगत. पिकात फरक पडायचाच. काही खतामुळे पडतो, काही पट्ट्यामुळे. हे दोन्ही बाजूला काढले की जो फरक उरतो तो कुणाच्याच नावावर टाकता येत नाही. तो मातीचा, उंदराचा, वाऱ्याचा. खताचा फरक या उरलेल्या फरकाच्या किती पट आहे ते काढायचं आणि छापील तक्त्याशी ताडून बघायचं. तक्त्याच्या वर गेला तर खताचा गुण खरा मानायचा. खाली राहिला तर योगायोगही असू शकेल म्हणायचं आणि गप्प बसायचं. बोलायचं कधी आणि गप्प बसायचं कधी याचाही तक्ता असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटे, असा एखादा तक्ता आपल्याला आधी मिळायला हवा होता.

माझं राहणं फारमाच्या कुंपणापलीकडच्या वस्तीत, एका बाईच्या पडवीत. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला कोकण्या म्हणायची. फारमावर रोजानं जाणाऱ्या बायांची ती पुढारीण. तिच्या घरचे पुरुष दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघून जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. मला भात लागतो म्हणून ती कुठून कुठून तांदूळ मिळवायची आणि वर बोलायची, "खा बाबा, पांडरी माती. भाकर खाल्ली आस्ती तर अंगाला लागली आस्ती." मी आजारी पडलो तेव्हा माझे कपडे तिनं धुतले. मी परका, कुठल्या जातीचा कुठल्या घरचा, हे तिनं एकदाच विचारलं आणि मग विसरून गेली.

तिची धाकटी जाऊ शेजारच्याच खोलीत राहायची. श्रावणात ती बाळंत झाली होती. माझ्या बायकोलाही त्याच सुमाराला मुलगी झाली, तिकडे कोकणात. मामांकडून कळलं, पण बघायला जायचा धीर झाला नाही. नवी नोकरी, रजा मागितली तर काय म्हणतील, ही भीती. रात्री भिंतीपलीकडून त्या जावेचं मूल रडायला लागलं की मी कूस बदलायचो. बाळंतीण असल्यामुळे या साली जावेला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाता येणार नव्हतं. फारमावरचं काम हाच तिचा आधार होता, आणि तोच डळमळत होता.

त्याचं कारण मुकादम. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरून विचारणारे होते. पण बायांचं काम ओळखायची त्याची रीत एकच. संध्याकाळी प्रत्येकीपुढचा ढीग बघायचा. खुरपणीत गवताचा, काढणीत कणसांचा. ढीग लहान तर बाई कामचुकार. जावेला मधूनमधून उठून बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीपाशी जावं लागे. खुरपणीच्या वेळी मुकादमानं तिला सगळ्यांदेखत बजावलं होतं, "आता एकदा का ढीग बारका दिसला, तर उद्यापासून घरीच पोराला खेळव."

बाजरी काढणीला आली. साहेबांना वाटलं की चपळ बाया भरलेले वाफे आधी धरतील आणि मागे राहणाऱ्यांना उरलेले मिळतील. त्यानं हिशेब कलेल. म्हणून बायांच्याही चिठ्ठ्या टाकल्या. सोळा बाया, सोळा वाफे. डब्यात हात माझाच. मावशीला मिळाला खालच्या काळ्या पट्ट्यातला, भरपूर युरियाचा वाफा. कणसं मनगटाएवढी. आणि जावेच्या नावाला मी जी चिठ्ठी उचलली ती सगळ्यात वरच्या पट्ट्यातली, बिनखताची. तिथे बाजरीची ताटं गुडघ्याच्या थोडी वर आणि कणसं बोटाएवढी. तिनं वाफ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, पण मला आपलं वाटलं सगळ्या माझ्याकडेच बघतायत.

"चिट्टीवाल्या," मावशी विळ्याची धार बघत म्हणाली, "तुजा हात लई वंगाळ हाय रं बाबा."

दुपारी साहेब काटा बघायला गोदामाकडे गेले, मुकादम लिंबाखाली जेवून आडवा झाला आणि मी गोण्यांना बांधायचे पत्र्याचे बिल्ले आणायला ऑफिसात गेलो. परत आलो तर बाया कामाला लागलेल्या होत्या आणि नेहमीपेक्षा जास्त गप्प होत्या. दिवस कलला तेव्हा प्रत्येक वाफ्याच्या कडेला गोणपाटावर कणसांचा ढीग होता, आणि वरपासून खालपर्यंत सगळे ढीग जवळजवळ सारखे. मुकादम सगळीकडे फिरून आला. "आज नेटानं हलल्या बाया," तो म्हणाला. जावेच्या ढिगापुढे तो थांबला, काहीतरी बोलणार होता, आणि पुढे गेला. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. पुढचा विचार मी केलाच नाही. बिल्ले बांधले आणि गोण्या शिवून टाकल्या.

वाफ्यावाफ्याची कणसं वेगळी मळली, धान्य वेगळं मोजलं. उभी राहिलेली ताटं, म्हणजे सरमड, नंतर कापून तीही वाफ्याप्रमाणे मोजली. सगळे आकडे माझ्या टेबलावर आले. मी धान्याच्या आकड्यांचे वर्ग केले, बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या. खताचा फरक तक्त्यापर्यंत पोचलाच नाही. मला वाटलं, माझी मूठ कुठेतरी चुकली. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. उत्तर तेच. शेवटी कागद साहेबांपुढे ठेवला आणि दोन पावलं मागे उभा राहिलो.

निकाल मोठ्या साहेबांनीही पाहिला. फारमाचे प्रमुख ते. त्यांना एकदम पसंत पडला. "छान, स्वच्छ प्रयोग," ते म्हणाले. "कोरडवाहू बाजरीला खताची गरज नाही. सरळ लिहून टाका."

आमचे साहेब मात्र कागद सोडेनात. खताचा फरक कमी आला याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. त्यांचं बोट खालच्या ओळीवर होतं, उरलेल्या फरकावर.

"हे बघ," ते मला म्हणाले. "खत लागू पडलं नाही, ठीक. पण वरचा मुरूम आणि खालची काळी माती, यांतसुद्धा फरक नाही? आणि उरलेला फरक तर नाहीच म्हटलं तरी चालेल. एकाच वाफ्याचे दोन तुकडे करून मोजले तरी यापेक्षा जास्त फरक पडतो. जमीन इतकी सारखी नसते. माणसानं सारवून घेतलेलं अंगणसुद्धा इतकं सारखं नसतं."

मग त्यांनी सरमडाचे आकडे यंत्रावर घालायला सांगितले. मूठ फिरवता फिरवताच मला कळत होतं. वरच्या पट्ट्यात कमी, खाली जास्त. बिनखताला कमी, युरियाला भरपूर. खताचा फरक तक्त्याच्या केवढा तरी वर. म्हणजे ताटं वेगवेगळी वाढली होती आणि दाणे मात्र सगळीकडे सारखे भरले होते.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "ताटं वाफ्यातच राहिली," ते हळू म्हणाले. "कणसं कापली गेली. जे झालं ते कापल्यानंतर झालं." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू होतास ना तिथे?"

"दुपारी बिल्ले आणायला गेलो होतो साहेब."

"तू त्यांच्याच वस्तीत राहतोस."

एवढंच ते म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मावशी चुलीपुढे भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि म्हणालो, "मावशी, कणसांचे ढीग सगळे सारखे कसे आले गं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि अगदी सहज सांगितलं, "सारके केले म्हून सारके आले."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? जिचा मोटा त्यातनं लुगड्याच्या वच्यात भरायचं, जिचा बारका त्यात नेऊन वतायचं. दर साली करतो. खुरपनीत बी करतो. तवाच नेमकं मुकादम टपून हुता म्हून घावली बिचारी." तिनं भिंतीपलीकडे हनुवटी केली. "तू काय म्हनला, समद्या बाया सारकं काम करत्यात? एखादीचं पोट दुखतं, एखादीचं पोर रडतं. ते कशाला दिसू द्यायचं?"

मी तिला सगळं सांगितलं. वाफे वेगळे असणं हाच प्रयोग होता, ते ढीग वेगवेगळे असायलाच हवे होते, साहेबांचं वर्षभराचं काम त्यावर होतं. भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मंग आदी सांगायचं न्हाई का, बारका ढीग चालतो म्हून?"

"कुणाला सांगायचं?"

"मुकादमाला!"

साहेबांनी मला हिशेब शिकवला होता, मावशीनं मला जेवू घातलं होतं. सांगितलं तर सोळाजणींचं नाव मस्टरवरून जाणार, आणि सगळ्यांत आधी त्या बाळंतिणीचं. नाही सांगितलं तर साहेब त्या कागदावर डोकं फोडत बसणार, नाहीतर मोठे साहेब खोटा निकाल पुढे धाडणार. मी जेवलो नाही. भिंतीपलीकडे ती जाऊ मुलाला थोपटत काहीतरी गुणगुणत होती आणि मला माझी न पाहिलेली मुलगी आठवत होती. मनात आलं, उठावं आणि सकाळच्या एसटीनं गावी निघून जावं. मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

सकाळी मावशी माझ्या आधी तयार होऊन दारात उभी. डोक्यावरून पदर, पायात वहाणा.

"मीच येते," ती म्हणाली. "तू त्वांड उगडू नको. तुजं त्वांड आदीच लई पडलंय."

ऑफिसच्या दारात ती थांबली. "साह्यब, आत यिऊ का?"

"या मावशी. बसा."

"बसत न्हाई. बसलं की बोलायचं इसरंल." आणि तिनं एका दमात सांगून टाकलं, "ते कनसाचं आमी केलं. ह्या कोकन्याला काय ठावं नव्हतं, त्याला बोलू नका. ढीग आमी सारके केले."

साहेबांनी पंचा काढून टेबलावर ठेवला. "पण का?"

"मुकादम ढीग बगतो. वाफा बगत न्हाई. तुमी त्या वल्या बाळंतिनीला बिनखताचा मुरूम दिला. तिनं कनसं कुटनं आनावी? पोटातनं?"

माझ्याकडे बघून साहेबांना हसू फुटलं, पण ते हसू चांगलं नव्हतं. "सोळा वाफ्यांनी ठरवून केलं रे," ते म्हणाले. मग मावशीला, "कुठल्या ढिगातलं कुठे किती गेलं, काही आठवतं?"

"आता कुटलं आठवतंय? नजरंनं बगायचं, टाकायचं."

"नजरेनं! मावशी, इतके सारखे केलेत की यंत्रावर फरक सापडेना."

"मंग? हात हायती," मावशी म्हणाली. त्यात थोडी फुशारकी होती. मग तिचा चेहरा उतरला. "साह्यब, आमचं काम जाईल का? माजं गेलं तर जाऊ द्या. पन तिचं..."

"मला वर सांगावं लागेल," साहेब म्हणाले. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

मुकादमाला कुठून तरी कळलंच. तो तणतणत आला, "समद्यांची नावं कमी करतो. माज्या डोळ्यांत धूळ!" साहेबांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, दोन्ही कागद हातात घेतले आणि मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराशी उभा. आतलं सगळं ऐकू येत होतं. माझ्या एका बाजूला मुकादम, दुसऱ्या बाजूला मावशी, आणि व्हरांड्याच्या पायरीवर ती जाऊ, मूल पदराखाली घेऊन बसलेली.

"म्हणजे धान्याचे आकडे बाद?" मोठ्या साहेबांचा आवाज.

"बाद, साहेब. सरमडाचे घ्या, पण धान्याचा निकाल पाठवता येणार नाही."

"कोणी केलं हे? नावं द्या."

"नावं सोळाच्या सोळा देता येतील. पण चूक त्यांची नाही. मांडणी माझी होती. मी त्यात उतार धरला, माती धरली, उंदीर धरले. कापणारी माणसं धरली नाहीत. ज्या बाईच्या पुढे लहान ढीग दिसला तर तिचं काम जातं, तिच्याकडून मी लहान ढिगाची अपेक्षा केली."

"तुमची चूक म्हणताय. लिहून द्याल?"

"देतो."

"वर्ष गेलं तुमचं. प्रबंधही लांबला. शिवाय वर कळवावं लागेल मला."

"हो साहेब."

मी पायरीकडे पाहिलं. जावेला आतलं बोलणं किती कळलं कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होती. मी काम राहिलं अशा अर्थानं मान हलवली. तिनं डोळे मिटून घेतले. मला सुटल्यासारखं झालं, आणि लगेच लाज वाटली. कारण सुटलो होतो आम्ही, आणि त्याची किंमत आत उभ्या असलेल्या माणसानं मोजली होती.

त्या हिवाळ्यात ज्वारीचा प्रयोग होता. मांडणी तीच, पट्टे तेच, चिठ्ठ्या त्याच. काढणी तेवढी बदलली. साहेबांनी बायांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की एका वेळी एकच वाफा, आणि सगळ्यांनी मिळून. सोळाजणी एका वाफ्यात शिरायच्या, कणसं एकाच गोणपाटावर पडायची, गोणी माझ्यासमोर शिवली जायची, मग पुढचा वाफा. हलवायला दुसरा ढीगच नव्हता. बायांना ते फार आवडलं. दाटीवाटीनं काम करताना त्या एकमेकींना कोपरं मारत, साहेबांच्या पंच्यावर काहीबाही बोलत. जाऊ मधूनच उठून झोळीकडे जायची, परत यायची आणि शिरायला जागा शोधायची. ती गेली होती हे दोन क्षणांनी कुणाला सांगता आलं नसतं.

मुकादम बांधावर हात मागे बांधून उभा होता. बराच वेळ त्यानं पाहिलं. मग साहेबांजवळ आला.

"साह्यब, आसं समद्यांनी मिळून कापल्यावर कामचुकार कोन ते कसं कळायचं?"

"नाही कळणार," साहेब म्हणाले.

मुकादम थोडा थांबला, त्याला वाटलं साहेब आणखी काही सांगतील. साहेब गोणीचा बिल्ला बघत राहिले.

त्या आकड्यांचा हिशेब मी केला तेव्हा उरलेला फरक बऱ्यापैकी आला. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता जमीन आहे असं वाटतं." एवढंच. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, लांब, दुसऱ्या टोकाला. बदली त्या कारणानं झाली की तशीच झाली, हे मला आजही माहीत नाही. योगायोगही असू शकेल. जाताना त्यांनी मला तो छापील तक्ता दिला. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "आधी गावी जाऊन मुलीला बघून ये. रजेचा अर्ज टाक. नाही म्हणणार नाहीत." मी टाकला. नाही म्हणाले नाहीत.

परत आलो तो पावसाळा कोरडाच गेला. पेरणीच झाली नाही, म्हणून प्रयोग नाही, म्हणून फारमावर बायांना काम नाही. मला ठेवलं, कारण जुन्या वर्षांचे आकडे पुन्हा तपासायचे होते. त्या वर्षी खुर्चीवर बसताना मला रोज चोरट्यासारखं वाटलं. मावशी आणि तिच्या सगळ्या बाया दुष्काळी कामावर गेल्या, रस्त्याची खडी फोडायला. संध्याकाळी ती यायची तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झालेली असायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या. आता तांदूळ मी शोधून आणायचो आणि ती काही न बोलता खायची.

एकदा मी विचारलं, "तिथे कामाचं कसं बघतात गं?"

"कसं म्हंजे? जिची तिची खडी. जिचा तिचा ढीग. सांजंला साह्यब येतो, मोजतो, लिवून घिऊन जातो."

"आणि तुमच्या जाऊबाई?"

"हाय की. पोराला दगडाच्या आडोशाला निजवती न फोडती."

मला पुढचं विचारायला धीर होईना. मूल आता चालायला लागलं होतं, झोळीत राहत नव्हतं. तिच्या हातून किती खडी फुटत असेल हे मला न मोजताही कळत होतं.

"तिचा ढीग केवढा असतो?" मी शेवटी विचारलं.

मावशी बोटाची चिंधी दातानं सोडत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या समद्यांच्याएवढाच," ती म्हणाली.